मोहाखालचा धूर

दुपारी दीडच्या आसपास सातपुड्यावरून एक उपग्रह जातो. सुओमी एनपीपी त्याचं नाव. २०११ साली सोडलेला, जमिनीपासून सव्वाआठशे किलोमीटरांवर फिरणारा. रात्री दीडच्या आसपास तो पुन्हा येतो. मागेपुढे त्याची भावंडंही येऊन जातात, पण त्यांच्याही वेळा साधारण त्याच. चोपड्याच्या उत्तरेला एखाद्या नाल्यात संध्याकाळी साडेसहाला पाचोळा पेटला, तर वरून कुणाचं तरी लक्ष जायला मध्यरात्र उलटते. मी गेले काही उन्हाळे वणवा लवकर हेरायचा जो उद्योग करते आहे, तो सगळा या दोन दीडांच्या मधल्या फटीतला.

उपग्रहाला कमी लेखायचं नाही. त्यावरच्या व्हिअर्स नावाच्या यंत्राची करामत खरंच विलक्षण आहे. उन्हानं तापलेला काळा खडक आणि पेटलेलं गवत यांच्यातला फरक ते इतक्या उंचीवरून ओळखतं, कारण दोघांचा उजेड वेगळा असतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. साधी तापलेली जमीन १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सगळ्यात जास्त झळकते, आणि ज्वाळा ४ मायक्रॉनच्या आसपास. यंत्र दोन्हीकडे एकदम पाहतं. ४ मायक्रॉनला झळाळी आणि ११ ला तेवढी नाही, असं दिसलं की आगीचा ठिपका पडतो. यंत्र जमीन चौकोनाचौकोनाने पाहतं, पण यामुळेच चौकोनाच्या एका कोपऱ्यात थोडंसं पेटलेलं असलं तरी ते पकडलं जातं. हे ठिपके डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून नोंदणी केलेल्या माणसांच्या मोबाईलवर संदेश होऊन येतात. २००४ पासून ही व्यवस्था चालू आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी जंगल वाचलेलं असणार.

पण त्या चौकोनाची एक बाजू ३७५ मीटरांची. म्हणजे १४ हेक्टर, ३५ एकर. आमच्याकडच्या बऱ्यापैकी बागायतदाराची सगळी केळी त्यात मावेल. सपाटीवर ३५ एकरांत आग शोधणं अवघड नाही. सातपुड्यात तेवढ्या जागेत दोन नाले आणि मधे डोंगराची एक सोंड असते. ठिपका अलीकडच्या नाल्यावर पडतो, आग पलीकडच्यात असते, आणि मधली सोंड चढून उतरायला तास जातो. त्याहून जुन्या मोडिस यंत्राचा चौकोन तर एक किलोमीटरचा.

मग आपल्या इन्सॅटचं काय? तो छत्तीस हजार किलोमीटरांवर एकाच जागी ठाण मांडून असतो, दर अर्ध्या तासाला खालचं सगळं पाहतो. त्याचा चौकोन चार किलोमीटरांचा. जो जवळून पाहतो तो थांबत नाही, जो थांबतो तो फार लांब आहे. हे कुणाच्या हलगर्जीपणामुळे झालेलं नाही, कक्षेचं गणितच तसं आहे. त्यामुळे मधली फट भरायची तर जमिनीवरूनच भरावी लागणार.

माहेर चोपडा तालुक्यातलं, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, नोकरी पुण्यात. एका मित्राच्या कॉलेजातली पोरं हाताशी आली आणि आम्ही झाडाला बांधायच्या डब्या करू लागलो. धूर हुंगायचा, आणि लागलाच तर रेडिओवरून कळवायचं. कागदावर अगदी सोपं काम.

सातपुड्याचं जंगल पानगळीचं आहे. साग, अंजन, सालई, धावडा, तेंदू, मोह. होळीच्या सुमाराला सागाखाली घोट्याएवढा पाचोळा साचतो. सागाचं पान मोठं, वाळलं की वळतं, एकावर एक पडलं तरी मधे हवा राहते. त्यामुळे पेट घ्यायला वेळ लागत नाही. इथली आग शेंड्यावर चढत नाही, जमिनीवरून सरपटते. उभं झाड बहुधा जगतं. मरतात ती रोपं, जमिनीवरची अंडी, पिल्लं आणि वरच्या इंचभर मातीत जे काही असतं ते सगळं. चढावर मात्र आगीचा वेग बदलतो. दर दहा अंश चढाला तो साधारण दुप्पट होतो, असा एक जुना ठोकताळा आहे. ज्वाळा वरच्या पाचोळ्याकडे कललेल्या असतात, त्याला आधीच भाजून ठेवतात. म्हणून पहिला अर्धा तास महत्त्वाचा. आग नाल्यात असताना चार माणसं हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवू शकतात. तीच सोंडेवर गेली की चाळीस माणसं आणि पाठीवरचे ब्लोअरही तिला फक्त वळवू शकतात.

आता डबीकडे येते. बाजारात मिळणारा साधा वायुसंवेदक सतत तापलेला ठेवावा लागतो, आणि त्या तापवण्यातच पाऊण वॉटच्या आसपास वीज खातो. झाडावरच्या डबीला ही चैन परवडत नाही. नव्या जातीच्या चिपमध्ये टाचणीच्या टोकाएवढी पट्टी क्षणभर तापते, वास घेते आणि झोपी जाते. ती घेतली. विषारी कार्बन मोनॉक्साइड मोजणारे रासायनिक संवेदक जास्त नेमके, पण त्यांच्या आतला द्राव चैत्रातल्या आमच्या कोरड्या दुपारी हळूहळू सुकतो. ते सोडून दिले. बॅटरीचंही तेच. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद डबीच्या आत काय होत असेल, याची कल्पना परदेशी माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांना नसते. मोबाईलमधली लिथियम बॅटरी तिथे लवकर म्हातारी होते. लोह-फॉस्फेटची जात जरा चिवट, ती चालली. डबी सावलीत हवी आणि सोलरचं पान उन्हात, म्हणून दोघांच्या मधे वायर आली. आणि वायर आली की वानर आलं. सातपुड्यातल्या वानरांना काळी वायर दिसली की ती ओढून पाहायचीच असते. वायर सालीच्या रंगाच्या नळीतून नेल्यावर त्यांचा रस संपला. डब्यांच्या भोकांतून गांधीलमाश्यांनी घरं केली, तेव्हा भोकांना जाळी आली. खिळा ठोकायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, म्हणून पट्ट्याने बांधायची, आणि तीही आग खालून गेली तरी वितळणार नाही एवढ्या उंचीवर.

एक गोष्ट मात्र जंगलानेच आमच्या बाजूने केली. आगीचा हंगाम म्हणजे पानगळीचा हंगाम. झाडं ओकीबोकी असतात तेव्हाच सोलरच्या पानाला ऊन हवं असतं आणि रेडिओच्या लहरींना मोकळी वाट. श्रावणात त्याच झाडाखाली डबी आंधळी-बहिरी होते, पण तेव्हा तिला काम नसतं.

रेडिओ लोरा जातीचा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी विनापरवाना खुला आहे. अगदी थोडी वीज, अगदी थोडे शब्द, पण नजरेच्या टप्प्यात असेल तर कितीतरी किलोमीटर जातो. अडचण नजरेच्या टप्प्याचीच. डोंगराच्या घड्या एकीआड एक असतात, तिथे एका डबीचा आवाज दुसऱ्या नाल्यात जात नाही. म्हणून धारेवर एक मोठा डबा, तो सगळ्यांचं ऐकणार आणि जिथे मोबाईलची रेंज आहे त्या गावापर्यंत पोचवणार. धारेवर तो चढवायला पाड्यावरची पोरंच पुढे होती, आमची कॉलेजातली पोरं अर्ध्यातच बसली.

पण डब्या लावायच्या कुठे? यावल अभयारण्याचंच क्षेत्र १७७.५२ चौरस किलोमीटर. हेक्टरी एक डबी म्हटली तरी सतरा हजारांच्या वर. कुणी फुकट दिल्या तरी बांधणार कोण आणि पुसणार कोण? सगळ्या जंगलावर पहारा ठेवायचा, ही कल्पनाच सोडून द्यावी लागते. आपल्याकडचा वणवा जवळजवळ नेहमी माणसाकडून लागतो. वीज पडते ती बहुधा पावसाबरोबर. म्हणून डब्या जंगलभर नकोत, माणसाच्या पायवाटेवर हव्यात. घाटरस्ता, पाणवठा, नेवाडाच्या, म्हणजे जंगलात काढलेल्या शेताचा बांध, तेंदूच्या तोडणीची जागा आणि मोहाची झाडं.

मोहापाशी गोष्ट अडली.

मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचायची तर झाडाखालची जमीन स्वच्छ हवी, पाचोळ्यात फिकट पिवळं फूल हरवतं. म्हणून आदल्या संध्याकाळी झाडाखालचा पाचोळा गोळा करून पेटवतात. कुठलंही घर आपल्या मोहाची राखण सोडत नाही, कारण त्या दोन-तीन आठवड्यांत वर्षाच्या मिठामिरचीचे पैसे झाडावरून पडत असतात. बहुतेक वेळा ही आग झाडाखालीच संपते. कधीतरी वारा फिरतो, पेटवणारा घरी गेलेला असतो, आणि मग तीच आग सोंड चढते.

आमच्या डब्या बरोबर तिथेच लावलेल्या. मार्चअखेरीला संध्याकाळी सहा वाजले की त्या एकामागून एक ओरडू लागल्या. सगळ्या खऱ्या. धूर होताच. समजा, ३०० डब्या आहेत आणि प्रत्येकीने महिन्यातून एकदाच विनाकारण हाक मारली, तरी रोज दहा हाका होतात. वनरक्षक पहिल्या दिवशी धावतो, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतो, तिसऱ्या दिवशी मोबाईल उपडा ठेवतो. त्याला दोष कसा देणार? आमच्या डब्या तर महिन्यातून एकदा नव्हे, रोज संध्याकाळी ओरडत होत्या.

तिथल्या पाड्यावर एक म्हातारे पावरा आदिवासी गृहस्थ आहेत. कितीतरी उन्हाळे त्यांनी आगीवर पहारा दिलेला. घरात पावरी बोलतात, आमच्यासारख्यांशी अहिराणी. माझ्या मोबाईलवरचे लाल ठिपके पाहून ते म्हणाले, "ताई, ती आग नही शे. मोह येचाले जागा साफ करी राह्यनात."

"पण बाबा, यातली एखादी पसरली तर?"

ते मला नाल्याच्या तोंडाशी घेऊन गेले. सूर्य मावळलेला. दिवसभर वर चढणारी हवा आता उलटी फिरली होती, डोंगरावरचा गारवा नाल्यातून खाली सरकत होता आणि त्याच्याबरोबर वरच्या सगळ्या मोहांचा धूर. "सांजले वास खाले उतरस," एवढंच म्हणाले. मग बराच वेळ दोघं उभे राहिलो. हळूहळू वास विरळ होत गेला. त्यांच्या लेखी तपासणी संपली. वास विरला तर मोहाची आग. वाढत गेला तर उठायचं.

हवेची ही गोष्ट मी पुस्तकात शिकलेली होते. दिवसा उताराची हवा तापून वर चढते, रात्री गार होऊन खाली उतरते. पण त्याचा अर्थ असा होतो, की संध्याकाळी नाल्याच्या तोंडाशी लावलेली एकच डबी वरचं सगळं खोरं हुंगू शकते, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं. दुपारी तीच डबी निरुपयोगी. दुपारच्या डब्या वर, सोंडेच्या गळ्याशी. अशी पाळी लावल्यावर डब्यांची संख्या बरीच कमी झाली.

दुसरी गोष्ट वेळेच्या आलेखाची. झाडाखालचा ढीग भरकन चढतो आणि अर्ध्या तासात उतरतो. पसरणारी आग चढतच राहते, शेजारच्या डबीलाही लागते. तेव्हा डबीने धूर आहे की नाही एवढंच न सांगता तो वाढतोय की ओसरतोय हे सांगावं. हे करणं कठीण नाही. कठीण हे, की ओसरतोय का ते पाहायला थांबावं लागतं, आणि थांबलो तर नेमका तो पहिला अर्धा तासच खर्च होतो. लवकर सांगायचं की खात्रीने सांगायचं? माझ्या धंद्यातले लोक यावर जास्त चांगला संवेदक, जास्त हुशार प्रोग्रॅम हे उत्तर देतात. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाने २०२४ मध्ये उंचावरचा कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची जोडी बसवली. कॅलिफोर्नियात तर डोंगराडोंगरांवर असे कॅमेरे आहेत. चांगलंच आहे ते. पण कॅमेऱ्याने धूर अचूक ओळखला तरी तो कुणाचा, कशासाठी, आणि त्याच्यापाशी कुणी उभं आहे का, हे त्याला कळत नाही. आणि सातपुड्यात होळीच्या रात्री कॅमेऱ्याला विचारूच नये. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार झालेले असतात, डोंगराडोंगरावर होळ्या पेटलेल्या असतात, अक्कलकुव्याकडे काठीच्या राजवाडी होळीला तर सगळा मुलूख लोटतो.

मला जे उत्तर सापडलं ते संवेदकात नव्हतं. पहिली हाक हळू असावी आणि सगळ्यात जवळच्या माणसाला जावी. मोठ्या साहेबाला नव्हे, तालुक्याच्या नियंत्रण कक्षाला नव्हे. पाड्यावरच्या ज्या घराजवळ तो मोह आहे त्या घराला. वीस मिनिटांत तिथून कुणी "आमचीच आहे, जवळ उभे आहोत" असं कळवलं तर डबी गप्प. कुणी काही कळवलं नाही आणि धूर वाढतच गेला, तर दुसरी हाक मोठ्याने, वनपरिक्षेत्राला, वनरक्षकाला, सगळ्यांना. बेसावध सुटलेली आग म्हणजे काय, तर जिच्यापाशी कुणी नाही अशी आग. ती शोधायला सगळ्यात स्वस्त आणि अचूक संवेदक पाड्यावर आधीपासून आहे, त्याला फक्त विचारावं लागतं.

संदेशही बदलला. आधी तो २१ पूर्णांक अमुक, ७५ पूर्णांक तमुक असा यायचा. नकाशा उघडायला रेंज लागते आणि रेंज तर नव्हतीच. मग पाड्यावरच्या बायांना बरोबर घेऊन प्रत्येक डबीला तिथल्या जागेचं नाव दिलं. अमक्याचा मोह, तमक्या दगडाचा नाला, रेडा मेला ती चढण. आता फोन वाजतो आणि पाड्यावरच्याच एका मुलीचा आवाज पावरीत जागेचं नाव सांगतो. बायांनी सांगितलेल्या नावांत काही इतकी खासगी होती, की वनखात्याच्या यादीत ती घालायची नाहीत असं त्यांनीच बजावलं. त्यांच्यापैकी काहींनी आता मोहाखाली जुनी लुगडी आणि जाळ्या अंथरायला सुरुवात केली आहे, म्हणजे पाचोळा पेटवायलाच नको. माझ्या सगळ्या डब्यांपेक्षा त्या लुगड्यांनी जास्त आगी टाळल्या, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

खरी अडचण बटणाची आहे.

"आमचीच आहे" हे कळवायला डबीवर एक बटण ठेवायचं ठरलं. फोन नसला तरी दाबता येईल असं. चाचणीच्या दिवसांत पाड्यावर कुणीही ते दाबलं नाही. बटण चांगलं होतं, दाबून पाहायला सगळी पोरं जमली होती, पण संध्याकाळी प्रत्यक्ष आगीपाशी एकानेही नाही. याचं कारण कायद्यात आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. त्याच कलमात पुढे असंही आहे, की मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळ्यांचेच हक्क काही काळ थांबवू शकतं. एकाने पेटवलं, बैल सगळ्यांचे उपाशी. आणि ७९ वं कलम सांगतं, की जंगलात ज्याला हक्क आहे त्याने आगीची खबर द्यायलाच हवी आणि विझवायलाही धावायला हवं. जो सगळ्यात आधी पाहतो, त्याच्यावर सांगण्याची सक्ती. आणि सांगितलं की पहिला संशय त्याच्यावर. आमचं बटण म्हणजे वेळ-तारखेसह कबुलीजबाब झाला होता. मीही दाबलं नसतं.

यावर एका वनाधिकाऱ्यांशी बोलणं झालं. माणूस मनापासून जंगलाचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पहिली हाक मला हवी, आणि बटण कुणी कधी दाबलं त्याची नोंद सर्व्हरवर हवी. "उद्या शंभर एकर जळलं तर मी वर काय सांगू, की मॅडमच्या डबीला माहीत होतं पण मला नव्हतं?" प्रश्न खोटा नाही. पण नोंद ठेवली तर बटण दाबलं जाणार नाही, बटण दाबलं नाही तर पुन्हा रोज संध्याकाळी सगळ्या डब्या ओरडणार, आणि मग साहेबांचाही फोन उपडा.

आता आमच्याकडचा प्रस्ताव असा आहे. बटणाची नोंद गावातल्या डब्यातच राहील, चोवीस तासांनी आपोआप पुसली जाईल. धूर ओसरला तर ती कधीच कुणाकडे जाणार नाही. दुसरी, मोठी हाक गेली तर मात्र किती वाजता धूर लागला आणि किती वाजता वाढला एवढंच वनखात्याला मिळेल, माणसाची काहीच खूण नाही. डब्याची किल्ली ग्रामसभेकडे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिलेलाच आहे, तेव्हा हे काही आम्ही नव्याने काढलेलं नाही. साहेबांनी लेखी द्या म्हटलं. दिलं. त्यांनी ते वर पाठवलं आहे.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, त्याआधी आग अडवायच्या जाळरेषा साफ होतात. उत्तर तोवर येईल असं वाटत नाही. पोरांनी नव्या डब्यांच्या झाकणांना बटणाचं भोक पाडून ठेवलंय, सध्या त्यात रबराचं बूच आहे. पाड्यावर विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, बटण राहू दे, पण वरची ती लाल बत्ती काढ. रात्री ती लांबून दिसते, आणि कुणाच्या मोहाखाली आहे हे कुणालाही कळतं. ती काढली.